तात्पुरता पत्रा



वसंतातल्या व्याख्यानाला इतिहासाचा विषय आहे म्हटले की श्रोत्यांची अपेक्षा देवगिरीच्या यादवांची असते, नाहीतर मुक्तिसंग्रामाची. त्या विषयांवर अधिकाराने बोलणारे लोक आहेत. मी शाळा सातवीत सोडली. पुढचे शिक्षण मोंढ्यात ओझी वाहताना आणि संध्याकाळी वाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा जी वस्तू मी खांद्यावर वाहिली, तिचाच इतिहास सांगावा असे ठरवून मी येथे उभा आहे. ती वस्तू म्हणजे पन्हळी पत्रा. आपल्या परभणीकडे आपण त्याला टिन म्हणतो.

माझे गाव पेडगाव. परभणीहून मानवत रोडकडे निघालेल्या गाडीच्या वाटेवरचे हे स्टेशन. गाडीच्या खिडकीतून शिवाराकडे पाहिले तर आज जवळजवळ प्रत्येक आखाड्यावर पत्र्याची एक खोली दिसेल. दहा फूट रुंद, बारा फूट लांब, एक दार, फार तर एक खिडकी. आत मोटारीचा स्टार्टर, फवारणीचा पंप, खताच्या गोण्या, ठिबकच्या नळ्यांची भेंडोळी आणि राखणीला आलेल्या माणसाची बाज. मालकाला विचारा, तो म्हणेल, "तात्पुरतं टाकलंय." वीस वर्षांनी विचारा, तेव्हाही तो हेच म्हणेल. हा 'तात्पुरता' शब्द ह्या पत्र्याला कोठून चिकटला आणि त्याची किंमत कोणाला मोजावी लागली, हे मला आज पाहावयाचे आहे.

पत्रा येण्यापूर्वी आपल्याकडे काय होते? गावात माळवद आणि शेतात खोपट. माळवदाचे घर तुम्हां सर्वांना ठाऊक आहे. दगडमातीच्या हातभराहून रुंद भिंती, सागाचे खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर किलच्या, त्यांवर पाला आणि सर्वांवर पांढऱ्या मातीचा थर. दर वर्षी मृगाच्या आधी त्या थरावर नवी माती टाकून चोपायची. वैशाखात आत गारवा, पौषात ऊब. घराची मापे खणांत सांगत. शेतातल्या खोपटाला मात्र तुराट्यांचा कूड आणि वर गवत. ते दर दोन-तीन वर्षांनी बदलावे लागे. त्याला आगीचे भय, उंदरांचा त्रास, आणि पावसात भिजलेले बी तर नशिबाचेच. ह्या दोन्ही छपरांसाठी लागणारे सामान गावच्या शिवारात मिळे आणि ती घालणारा माणूसही गावातलाच असे. पत्र्याने हा हिशेब बदलला. पत्रा हा आपल्या गावी विकत आणावा लागणाऱ्या छपराचा पहिला प्रकार होय.

त्याचा जन्म लंडनच्या गोदीत झाला. हेन्री रॉबिन्सन पामर हा तेथील गोदी कंपनीचा इंजिनिअर. त्याने १८२९ साली लोखंडाच्या पत्र्याला पन्हळ्या पाडण्याचे पेटंट घेतले. युक्ती साधी आहे. सपाट कागद दोन टोकांवर ठेवा, तो मधे वाकेल. त्याच कागदाला पंख्यासारख्या घड्या घाला, तो स्वतःचे वजन तर पेलेलच, वर चार पैसेही पेलेल. पामरने हेच लोखंडाला शिकविले. पातळ पत्रा, थोडी लाकडे आणि लांब गाळा. पहिली शेड गोदीत टर्पेंटाइन ठेवण्यासाठी उभारली गेली. म्हणजे ही इमारत मुळातच माल ठेवण्यासाठी जन्माला आली. माणूस तिच्यात नंतर राहावयास गेला. लोखंडाला गंज चढे, त्यावर १८३७ साली सोरेल ह्या फ्रेंच गृहस्थाने जस्ताच्या मुलाम्याचे पेटंट घेतले. जस्त आधी झिजते आणि आपण झिजून लोखंडाला राखते. मी पहिल्यांदा हे वाचले तेव्हा मला आमच्या मोंढ्यातली पुष्कळ माणसे आठवली.

पन्हळ आणि जस्त ह्यांची जोडी जमल्यावर इंग्लंडच्या कारखान्यांनी सबंध घरेच सुट्या भागांत विकावयास काढली. कॅलिफोर्नियात १८४९ साली सोन्याच्या मागे माणसे धावली, त्यांच्यामागून जहाजांत भरून लोखंडी घरे गेली. नंबर घातलेले तुकडे, सोबत बोल्ट, आणि पोहोचल्यावर जोडून घ्यावयाचे. हे केवळ गरजू लोकांनीच घेतले असे नाही. व्हिक्टोरिया राणीचा पती प्रिन्स अल्बर्ट ह्याने १८५१ साली बाल्मोरलच्या वाड्याजवळ नाचगाण्यासाठी पत्र्याचा एक दिवाणखाना उभारून घेतला. नवा वाडा होईपर्यंतची तात्पुरती सोय. वाडा झाला, राणी गेली, साम्राज्य गेले. तो दिवाणखाना अजून उभा आहे आणि सुतारकामासाठी वापरला गेला आहे. 'तात्पुरते' ह्या शब्दाची आपल्या शिवारातली कथा राजवाड्याच्या आवारातही तीच आहे.

आपल्या देशात हा पत्रा रेल्वे, गोद्या, लष्कर आणि कारखाने ह्यांच्या पावलांनी आला. मनमाडहून सिकंदराबादेकडे जाणारी गोदावरी खोऱ्यातली मीटरगेज लाइन निजामाच्या राज्यात १९०० च्या सुमारास सुरू झाली. रुळ आले तसा कापसाला रस्ता मिळाला. परभणी, मानवत, सेलू ह्या गावांच्या कापसाच्या पेठा वाढल्या, आणि सरकी काढणाऱ्या जिनांवर उंच, लांबलचक पत्र्याच्या शेडा चढल्या. आपल्या भागातल्या सामान्य माणसाने पत्र्याखाली पहिल्यांदा काढलेला दिवस बहुधा स्वतःच्या घरातला नव्हता, तो कामावरचा होता.

मुंबईत ह्याच्या आधीच आणखी एक प्रसंग घडला होता. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत डॉ. अकॅशियो व्हिएगास ह्यांना प्लेगचे रुग्ण सापडले. पुढे सरकारने माणसांना घरांतून काढून छावण्यांत नेऊन ठेवले. चटया, बांबू आणि पत्रे ह्यांच्या त्या वस्त्या. साथ सरेपर्यंतची सोय म्हणूनच त्या झाल्या. पण शहरात गिरणीकामगार येतच राहिले आणि घरे काही त्या प्रमाणात झाली नाहीत. बर्नेट-हर्स्ट ह्यांनी मुंबईच्या कामगारांची मजुरी आणि निवारा ह्यांवर १९२५ साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात झावळ्यांच्या आणि रॉकेलचे रिकामे डबे ठोकून सपाट केलेल्या पत्र्यांच्या झोपड्यांचे वर्णन येते. गिरणीत त्याच काळी 'बदली' कामगार असे. कायम माणूस गैरहजर राहिला तर त्या दिवसापुरते काम, नाहीतर फाटकावरून परत. वर्षानुवर्षे बदली म्हणून राबलेली माणसे होती. तात्पुरत्या कामाचा माणूस तात्पुरत्या छपराखाली आयुष्य काढी. ह्या दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या हा योगायोग मी मानीत नाही. एखाद्या गोष्टीला तात्पुरती म्हटले की तिच्यावर पुरता खर्च न करण्याची परवानगी मिळते. मग ती गोष्ट खोली असो वा माणूस.

दोन महायुद्धांनी पत्र्याचे महत्त्व वाढविले. १९१६ साली मेजर निसेन ह्याने अर्धगोल पत्र्याची बराक आखली. सहा माणसांनी ती चार तासांत उभी करावी अशी तिची रचना. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर, १९३९ साली, ब्रिटिश सरकारने बाँबपासून बचावासाठी घरोघरी पत्र्याची आसरास्थाने वाटण्यास सुरुवात केली. त्यांना अँडरसन शेल्टर म्हणत. वर्षाला अडीचशे पौंडांहून कमी मिळकतीच्या कुटुंबाला ती फुकट, इतरांना सात पौंडांना. परसबागेत चार फूट खड्डा करावयाचा, त्यात वाकविलेले पत्रे बोल्टांनी जोडावयाचे आणि वर पंधरा इंच माती टाकावयाची. पाहा, आपल्या माळवदाचीच माती, पण खाली तुळईऐवजी बोल्ट. युद्ध संपल्यावर पुष्कळांनी ती उकरून काढली आणि बागेत फावडी-कुदळी ठेवण्याच्या खोल्या म्हणून वापरली. पामरने गोदामासाठी घडविलेला पत्रा माणसाला वाचवून पुन्हा गोदामाच्या कामावर रुजू झाला.

इकडे जमशेदपूरला टाटांच्या कारखान्यात १९१२ साली पोलाद निघू लागले आणि विसाच्या दशकात तेथे जस्ताच्या पत्र्याचीही भर पडली. १९२४ साली कायदा होऊन परदेशी पोलादावर संरक्षक जकात बसली. देशी धंदा वाचला ही आनंदाची गोष्ट. पण छपराला पत्रा घेणाऱ्या गरिबाच्या खिशातून त्या संरक्षणाचा काही वाटा गेला हेही खरे. युद्धकाळात, १९४१ साली, पोलादावर नियंत्रण आले, स्वातंत्र्यानंतर १९५६ च्या आदेशाने ते नव्या रूपात चालू राहिले, आणि भाव व वाटप ह्यांवरचे बंधन उठले ते १९९२ साली. मधल्या वर्षांत पत्रा हा परमिटचा माल होता. अर्ज करावा, वाट पाहावी, नाहीतर चढ्या भावाने मागच्या दाराने घ्यावा. त्या काळी ज्याच्या घरावर टिन, तो गावात सुखवस्तू समजला जाई. बंधन उठल्यावर पत्रा रस्त्यावरच्या दुकानात आला आणि शिवारात पसरला.

पण आपल्या मराठवाड्यात पत्र्याकडे पाहण्याची दृष्टी बदलली ती एका रात्रीत. २९ सप्टेंबर १९९३ ला गणेशविसर्जन झाले. लोक उशिरा झोपले. ३० तारखेच्या पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी किल्लारी-सास्तूरच्या परिसरात जमीन हादरली. जवळपास आठ हजार माणसे गेली. भूकंपाने जमीन हलविली, पण माणसे मारली ती दगडांच्या रुंद भिंतींनी आणि पिढ्यान्‌पिढ्या माती चढवून जड केलेल्या माळवदांनी. ज्या छपराने वैशाखात गारवा दिला तेच उरावर बसले.

मी तेव्हा मोंढ्यात हमाली करीत होतो. मदतीचे ट्रक निघाले, त्यांतल्या एकाबरोबर आम्ही चौघे माल उतरविण्यासाठी गेलो. ट्रकमध्ये पत्रे होते. पत्रा उचलण्याची एक रीत आहे. तळहाताला गोणपाट गुंडाळावे लागते, नाहीतर कड सुरीसारखी कापते. आम्ही घाईत निघालो, गोणपाट विसरलो. दुसऱ्या दिवशी चौघांचेही हात फाटलेले होते. तेथल्या एका म्हाताऱ्या बाईंनी माझा हात पाहिला, आपल्या लुगड्याची चिंधी फाडून दिली आणि म्हणाल्या, "लेकरा, आता माळवदाखाली निजणं नको. टिनच बरं." त्यांच्या घरातले कोण उरले होते हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही.

पुढे ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. तोपर्यंत लोक पत्र्याच्या निवाऱ्यांत राहिले. उन्हाळ्यात आत बसवत नसे, पावसात बोललेले ऐकू येत नसे. पक्की घरे मिळाल्यावरही कित्येकांनी शेजारी एक पत्र्याची खोली राखली आणि निजावयास ते तिच्यात जात. ज्याला आपण तात्पुरते म्हणत होतो, त्याच्याच आश्रयाने माणसांना झोप लागत होती. तेव्हापासून पत्र्याला हलका माल म्हणून नाक मुरडणे मी सोडून दिले. हलकेपणा हा त्याचा गुण आहे. मात्र त्या गुणाची एक अट आहे, आणि ती अट मला माझ्या स्वतःच्या घरच्या नुकसानीने शिकविली.

दहा-बारा वर्षांपूर्वी आमच्या थोरल्या भावाने आखाड्यावर दहा बाय बाराची खोली टाकावयाचे ठरविले. मी जन्मभर भावतोल केलेला माणूस, म्हणून खरेदीला मला नेले. पत्र्याच्या भावात मी दुकानदाराशी तासभर घासाघीस केली. चार पैसे सोडवून घेतले आणि मनात खूश झालो. पत्र्याची जाडी मोजून पाहिली नाही, बोल्ट किती लागणार हे विचारले नाही. जोडणीला सर्वांत स्वस्त बोली असलेला माणूस लावला. त्याने दिवसभरात खोली उभी केली. त्यानंतरच्या वैशाखात अवकाळीचे वारे सुटले आणि अर्धे छप्पर उठून शेजाऱ्याच्या कडब्याच्या गंजीवर जाऊन पडले. सुदैवाने माणूस कोणी नव्हता. दोष दुकानदाराचा थोडा, जोडणाऱ्याचा थोडा, माझा सर्वांत अधिक.

दुसऱ्यांदा आम्ही एका वयस्क फिटरमामांना बोलाविले. त्यांनी उडालेला पत्रा उलटसुलट पाहिला, त्यावरची भोके बोटांनी मोजली आणि माझ्या भावाला म्हणाले, "पाटील, माळवद आपल्या वजनानं बसतंय. टिनाला वजन नाही, त्याला धरून ठेवावं लागतंय. तुम्ही टिन घेतलं, धरणारं काहीच घेतलं नाही."

ह्या वाक्यात पत्र्याचे सारे शास्त्र आले. वारा छपरावरून जोरात जातो तेव्हा वरचा दाब कमी होतो आणि पत्रा वर ओढला जातो. दार उघडे असले तर आत शिरलेला वारा खालून रेटतो. हा ताण कडांना आणि कोपऱ्यांना सर्वांत अधिक. म्हणून मामांनी कडेच्या रांगांत बोल्ट दाट घेतले. बोल्ट पन्हळीच्या उंचवट्यावर मारला, खोलगटात नाही, कारण खोलगटातून पाणी वाहते. प्रत्येक बोल्टाखाली डांबरी वायसर आणि त्यावर लोखंडी टोपी. नट इतकाच आवळला की वायसर दबेल पण पन्हळ चपटी होणार नाही. एका पत्र्यावर दुसरा चढविताना वाऱ्याची बाजू पाहिली, जोडाचे तोंड वाऱ्याकडे येऊ दिले नाही. उतारावर वरचा पत्रा खालच्यावर वीतभर चढविला.

खाली जमिनीकडेही त्यांनी तितकेच लक्ष दिले. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते, आणि तिच्यात वरवर रोवलेला खांब दर वर्षी थोडा हलतो. मामांनी मुरूम लागेपर्यंत खड्डे घेतले आणि लोखंडी पाइप काँक्रीटमध्ये बसविले. दार पश्चिमेला ठेवले नाही. वळचणीखाली हवेला फट सोडली, नाहीतर उन्हाळ्यात आत औषधाच्या बाटल्याही तापतात. खताच्या गोण्या फळ्यांवर आणि पत्र्यापासून हात राखून रचावयास सांगितल्या, कारण ओलसर खत जस्त खाते. शेवटी स्टार्टरसाठी अर्थिंग केल्याखेरीज मोटार जोडू नका असे बजावले. तार उघडी पडून खोलीच्या अंगाला लागली की सबंध खोलीच विजेची होते. पहाटे पाणी द्यावयास गेलेला माणूस कडी उघडतानाच सापडतो. ती खोली अजून उभी आहे. त्यानंतर कितीतरी वादळे झाली.

मामांची मजुरी पहिल्या माणसाच्या दुप्पट होती. भावाने कुरकुर केली तेव्हा मी त्याला हिशेब दाखविला. पहिल्या खेपेला एकूण खर्चातला मोठा वाटा पत्र्याला गेला आणि बोल्ट व हात ह्यांना चिमूटभर. उडाला तो पत्राच, ज्याच्यावर आपण खर्च केला होता. आणि तो उडाला तो ज्याच्यावर केला नव्हता त्याच्या अभावी.

आता ह्या जोडणाऱ्या हातांविषयी दोन शब्द, कारण माझी चाकरी त्यांचीच आहे. आपल्या राज्याने १९६९ साली माथाडी व हमाल कामगारांचा कायदा केला. रोज वेगळ्या मालकाचे ओझे उचलणाऱ्यालाही हक्काचे मंडळ असू शकते, हे त्या कायद्याने दाखविले. पुढे १९९६ साली संसदेने बांधकाम कामगारांसाठी कायदा केला. चांगला कायदा होता. पण तो दहा किंवा अधिक कामगार असलेल्या कामाला लागू होता, आणि लाभासाठी कामगाराने वर्षात नव्वद दिवस काम केल्याचे दाखवावे अशी अट होती. आखाड्यावरची खोली तीन-चार माणसे दोन दिवसांत उभी करतात. आज पेडगाव, उद्या मानवत, परवा जिंतूर. नव्वद दिवस भरतात, पण ते लिहून देणारा मालक एक नसतो. तापलेल्या पत्र्यावर अनवाणी चढलेला पोरगा घसरून पडला आणि त्याचे मनगट मोडले, असे प्रकरण घेऊन मी स्वतः हिंडलो आहे. प्रत्येक दारी एकच उत्तर मिळाले, "तो काय, तात्पुरता आला होता."

पाहा, हाच तो शब्द. पामरच्या गोदीपासून माझ्या भावाच्या आखाड्यापर्यंत तो आपल्याबरोबर चालत आला आहे. बाल्मोरलचा तात्पुरता दिवाणखाना पावणेदोनशे वर्षे टिकला तो शब्दामुळे नव्हे, नीट जोडला होता म्हणून. आमची खोली एका वर्षात उडाली तीही पत्रा वाईट म्हणून नव्हे. तात्पुरतेपणा पत्र्याच्या अंगी नसतो. तो आपण त्याच्या जोडणीत ठेवतो आणि जोडणाऱ्याच्या मजुरीत ठेवतो.

आपल्यापैकी अनेकांची शेती आहे. ह्या उन्हाळ्यात कोणी ना कोणी खोली टाकणारच. पत्रा घेताना जाडी मोजून घ्या, भाव अवश्य करा. पण बोल्ट, वायसर आणि फिटर ह्यांच्या बाबतीत घासाघीस करू नका. काम झाल्यावर माणसाने किती दिवस केले ते एका कागदावर लिहून, सही करून त्याच्या हाती द्या. तुम्हांला त्याला एक मिनिट लागेल. त्याला मात्र तो कागद हक्क मागताना पुराव्याला येईल.

किल्लारीच्या त्या माउलीने दिलेली चिंधी माझ्याजवळ राहिली नाही. तिने सांगितलेले राहिले. माणसाला टिनाखाली निर्धास्त झोप लागावी एवढीच तिची मागणी होती. ती झोप बोल्ट आवळणाऱ्याच्या हातात आहे, आणि तो हात आपण अजून तात्पुरता समजतो.